घरमालक डिपॉझिट देत नाही आणि करार फक्त नोटरीचा आहे. पैसे परत मिळतील का?

मिळायला हवेत, आणि तुम्ही जे सांगितलंय त्यावरून तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी कच्ची नाही. जळगावात दोन वर्षं राहिलात, ३०,००० डिपॉझिट बँकेतून दिलं, मार्चमध्ये खोल्या सोडून पुण्याला गेलात. करार म्हणाल तर पहिल्या ११ महिन्यांचा नोटरी केलेला स्टॅम्प, पुढे नवीन केलाच नाही. आता मालक रंगाचे १८,००० सांगतात, कुलरने भिंत गेली म्हणतात, नळ खराब झाले म्हणतात, आणि उरलेले पैसे 'नवीन भाडेकरू आला की' देणार. वर कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की रजिस्टर नसलेल्या कागदाला किंमत नसते, नाद सोड.

हा शेवटचा सल्ला चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये कलम ५५ आहे, ते आपल्याकडे फारच कमी लोकांनी वाचलेलं असतं. घर भाड्याने द्या नाहीतर लीव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. ११ महिन्यांच्या कराराला यातून सूट नाही. नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी नसल्याचा तोटा तुमचा नाही, त्यांचा आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्याच कलमात आहे. पण शिक्षेची भाषा लगेच काढू नका. त्याने माणूस अडून बसतो आणि पैसे आणखी लांबतात.

मी बँकेत नोकरी करते. बदल्यांमुळे भुसावळ, धुळे, जळगाव अशी भाड्याची बरीच घरं झाली, आणि सध्या धुळ्याला देवपुरातलं आमचं स्वतःचं घर भाड्याने दिलेलं आहे. त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलेलं आहे.

आपल्याकडचे मालक सहसा 'नाही देत' असं म्हणत नाहीत. 'देसू ना भाऊ, काय घाई शे?' असं म्हणतात. कापूस विकला की, केळीचे पैसे आले की, आखाजी (अक्षय तृतीया) झाली की. बऱ्याच वेळा ते खोटंही नसतं, डिपॉझिट खरोखरच बियाण्यात किंवा पोरांच्या फीमध्ये गेलेलं असतं. आणि काका-काकू म्हणून त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्लेला असतो, म्हणून लेखी मागायला आपली जीभ रेटत नाही. पण वसुलीचा दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे, आणि फोनवरच्या आश्वासनाने ती एक दिवसही वाढत नाही. मुदत संपायच्या आत 'एवढे पैसे देणं लागतो' असं मालकाने लेखी, सहीनिशी कबूल केलं, तर मात्र त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजतात. म्हणून तुमचं सध्याचं काम एवढंच: किती रक्कम त्यांच्याकडे आहे आणि त्यातून ते कशाचे किती कापतायत, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. 'कधी देता' हा प्रश्न त्यानंतरचा.

आता कापाकापीचं. भाडेकरूने घर घेतलं त्या स्थितीत परत द्यायचं, मात्र रोजच्या वापराने होणारी झीज सोडून. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ पासून भाडेपट्ट्याला हेच तत्त्व लागू आहे. दोन वर्षांत रंग फिका पडणं, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, दाराच्या कडीखाली मळलेला पट्टा, ही झीज. पुढच्या भाडेकरूसाठी घर रंगवणं हा मालकाचा खर्च. फक्त तुमचा नोटरीचा कागद काढून नीट वाचा. 'घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं वजा होईल' अशी ओळ काही जण टाकतात. ती असेल तर तेवढं सोडावं लागेल, पण तेवढंच, १८,००० नाही.

कुलरबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण जळगाव-भुसावळकडे निम्मे वाद इथूनच सुरू होतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे कुलर लावला म्हणून भाडेकरूला दोष देता येत नाही. कुलर लावणं हा घराचा साधा वापर आहे. पण टाकीचं पाणी रोज भिंतीवरून ओघळत राहिलं आणि प्लास्टर फुगून पडलं, तर ते नुकसान आहे आणि ते आपण भरायला हवं. त्या एका भिंतीचं, अख्ख्या घराचं नाही. नुसते पांढरे डाग असतील तर ते बोअरच्या खाऱ्या पाण्याचे. नळावर आणि टाइल्सवर बसणारा थरही तोच, तो कोणीही राहिलं तरी बसतो. त्या खिडकीचा फोटो आहे का तुमच्याकडे? घर सोडताना काढला नसेल तर जुन्या फोटोंत पाहा, वाढदिवस, गणपती, घरातले कसलेही. भिंत मागे दिसत असते.

सोबत हेही जमा करा: डिपॉझिट गेलं त्या दिवसाचं बँक स्टेटमेंट (यूपीआयच्या स्क्रीनशॉटपेक्षा ते भक्कम), भाड्याच्या नोंदी, सोडलं त्या महिन्यापर्यंतचं महावितरणचं बिल भरल्याची पावती, आणि किल्ल्या दिल्याचा एखादा मेसेज. किल्ल्यांचा पुरावा नसेल तर आज साधाच मेसेज टाका, 'काका, अमुक तारखेला किल्ल्या तुमच्या हातात दिल्या होत्या, डिपॉझिटचं पाहता का?' त्यांचं 'हो, पाहतो' हे उत्तरही उपयोगी आहे. चॅट पुसू नका, मोबाइल बदलणार असाल तर जुना जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

मग पत्र. वकिलाची नोटीस पहिल्याच फटक्यात लागत नाही, स्वतः लिहिलेलं चालतं. साधारण असं लिहा:

'आपल्या अमुक पत्त्यावरील घरात मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भाड्याने राहत होतो. आपणांस रु. ३०,००० अनामत अमुक तारखेला बँकेमार्फत दिली. घराचा ताबा व किल्ल्या अमुक तारखेला आपणांकडे दिल्या. तोपर्यंतचे भाडे व वीजबिल पूर्ण भरलेले आहे. अनामतीतून काही रक्कम वजा करावयाची असल्यास काम, रक्कम व बिल यांचा तपशील लेखी द्यावा. उर्वरित रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यात जमा करावी. न केल्यास या पत्राच्या तारखेपासून व्याजाची मागणी करून वसुलीची कार्यवाही करावी लागेल.'

व्याजाची ओळ गाळू नका. करारात व्याज ठरलेलं नसेल तर व्याज अधिनियम १९७८ खाली न्यायालय अशा लेखी मागणीपासून व्याज देऊ शकतं, मागितलंच नसेल तर तो आधार राहत नाही. पत्र स्पीड पोस्टाने, पोहोच मिळेल असं पाठवा आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पाकीट 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवून नाकारलेलं पत्र मिळाल्यासारखंच धरतात.

पत्र गेल्यावर बऱ्याचदा फोन येतो, 'एवढं लिहायची काय गरज होती?' आवाज चढवू नका. 'काका, हिशोब राहू द्या कागदावर, दोघांच्या सोयीचं' एवढं म्हणा. ते हप्त्याने देतो म्हणाले तर जरूर घ्या, पण पुढच्या तारखांचे चेक आणि सोबत सहीचा कागद घ्या. चेकची मुदत तीन महिने असते, तारीख आली की लगेच भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, त्यांना पैसे द्यायला १५ दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटण्याच्या कलम १३८ (परक्राम्य संलेख अधिनियम) खाली न्यायालयात तक्रार. या तारखा एकदा चुकल्या की चेकचा धाक संपतो. बँकेत रोज पाहते म्हणून इतकं सांगतेय.

काहीच उत्तर आलं नाही तर पोलीस ठाण्यात जाऊ नका, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. सरळ जळगावच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या आणि 'दाखलपूर्व' प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगा. दावा लावायच्या आधीच हे करता येतं, फी नाही. तिथून समोरच्याला नोटीस जाते. आमच्या एका जुन्या मालकांनी असंच सगळ्या खोल्यांच्या रंगासाठी डिपॉझिट अडवलं होतं. पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी त्यांना शांतपणे रंगाचं बिल मागितलं. बिल नव्हतं. कुलरखालच्या एका भिंतीच्या प्लास्टरचे पैसे मी सोडले, बाकीचे चेकने मिळाले. लोकअदालतीतला निवाडा हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. अडचण एकच: समोरचा आलाच नाही किंवा तडजोडीला तयार झाला नाही तर लोकअदालत जबरदस्ती करू शकत नाही. मग दिवाणी दावा. तो जळगावातच लावावा लागेल, पुण्यात नाही, हे आधीच लक्षात घ्या. मोफत वकील मिळतो का ते १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मिळतो, इतरांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेत.

कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचं नाव-फोटो टाकणं किंवा मित्र घेऊन दारात उभं राहणं, हे दोन्ही टाळा. आज तक्रारदार तुम्ही आहात, उद्या ते होतील.

किती सोडायचं हेही मनाशी ठरवून ठेवा. तुमच्या जागी मी असते तर भिंत खरंच खराब झाली असल्यास तिच्या दुरुस्तीचं बिल पाहून तेवढं मान्य केलं असतं, आणि कागदात रंगाची ओळ नसेल तर रंगाचा एक रुपयाही नाही. आणि 'नवीन भाडेकरू आला की' ही अट तुमच्या कागदात लिहिलेली नसेल तर ती ऐकूनही घेऊ नका. तुमचं डिपॉझिट त्यांच्या पुढच्या भाडेकरूवर अवलंबून नाही.