लेक नवोदयला लागली, आणि घरात बोलणं बंद झालं

आलेलं पत्र थोडक्यात: "आमची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. जवाहर नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या निवड यादीत तिचं नाव आलंय. मिस्टर म्हणतात, गावातून आजवर कुणी लागलं नाही, पाठवायचीच. मी म्हणते, दहा वर्षांचं लेकरू, अजून वेणी मी घालते. ती त्यांच्यासमोर 'जाते' म्हणते आणि रात्री माझ्या कुशीत 'नको' म्हणते. आठ दिवस आम्ही दोघं बोलत नाही. काय करू?"

ताई, मुलगी खोटं बोलत नाहीये. कोणाला काय ऐकायचंय हे या वयात पोरांना बरोबर कळतं, आणि ती दोघांनाही खूश ठेवतेय. म्हणून 'तुला जायचंय का' हा प्रश्न आता दोघांनीही बंद करा. त्याऐवजी दोघं मिळून बारीक विचारा. रात्री ताप आला तर तिथे कुणाला उठवशील? मैत्रीण रुसली तर काय करशील? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? या उत्तरांतून खरं काय ते कळेल.

मिस्टरांचं म्हणणं हलकं नाही. सहावीसाठीची ही परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. शाळेत जास्तीत जास्त ८० जागा. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश यांचा खर्च नाही, आणि नववीपासूनचा महिना ६०० रुपयांचा विकास निधीही मुलींना माफ असतो. पण त्यांनी एवढंच वाचलं असेल तर पुढचंही वाचावं. नववीतल्या ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवण्याची योजना आहे, म्हणजे आपल्याकडची मुलं हिंदी भागात जातात. 'लागली, आता पाठवू' म्हणताना चौदाव्या वर्षीचं ते एक वर्षही त्यांनी धरलंय का, हे शांतपणे विचारा.

आणखी एक. गावात पहिली येणारी पोर तिथे विसावी येऊ शकते, कारण सगळीच निवडून आलेली. पहिल्या चाचणीनंतर घरून 'असं कसं झालं?' हा प्रश्न गेला की पोर आतल्या आत मिटते. हे तिला जाण्याआधीच सांगून ठेवा, वडिलांच्या तोंडून.

तुमची काळजीही खरी आहे, पण ती वेणीत अडकवू नका. शाळेच्या साध्या दिवशी दोघं मिळून जा, कार्यक्रमाच्या दिवशी नको. मुलींच्या वसतिगृहाची न्हाणीघरं बघा, दाराच्या कड्या लागतात का ते बघा. मुलींकडे बघायला बाई कोण, त्या रात्री आवारातच राहतात का, दवाखान्यात कोण नेतं, पाळी सुरू झाली तर पॅड कुठे मिळतात, घरी फोन कधी करता येतो, हे थेट विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस टाळाटाळ करतो का, तेही बघा. मग मुलीला आठवडाभर मावशीकडे ठेवा: स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, अंथरूण आवरायचं, फोन एकदाच.

आमचा कल पाठवण्याकडे आहे, पण तुम्हा दोघांचं आधी ठरलं तरच. अशा वेळी बिघडतं ते इथेच. पंधराव्या दिवशी पोर फोनवर रडते, आई म्हणते 'मी सांगत होतेच', बाबा म्हणतात 'रडायचं नाही', आणि तिला नेमकं काय झालंय हे कुणीच ऐकत नाही. म्हणून आजच कागदावर लिहा. पहिले सहा आठवडे घरच्या आठवणीने आलेल्या रडण्यावर निर्णय घ्यायचा नाही. पण जेवण तुटलं, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं, अंगावर वळ दिसले, किंवा एखाद्याचं नाव निघताच ती गप्प झाली, तर त्याच दिवशी जाऊन भेटायचं. गरज पडली तर घेऊन यायचं, जागा गेली तरी. खाली दोघांच्या सह्या करा.

नकार ठरला तर शाळेला लगेच लेखी कळवा. प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला ती जागा मिळते. उशिरा सोडलेली जागा बहुतेकदा रिकामीच पडून राहते. घरी राहिली तर आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि ती पास होऊन निवड यादीत आली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदयच्या मुलांना ही शिष्यवृत्ती नसते. नवोदयचीच नववीची प्रवेश परीक्षाही आहे, फक्त ती रिकाम्या जागांपुरती, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

आणि जायचं ठरलं तर उद्यापासून तिची वेणी तिलाच घालू द्या. आरसा न बघता, दहा मिनिटांत. पहिले काही दिवस भांग वाकडा येईल, तसाच राहू द्या.