पिवळ्या पडलेल्या लेगोसाठी सुरुवातीचा सल्ला

पांढरे-राखाडी ठोकळे बहुतेक वेळा छान उजळतात, टाकून मुळीच देऊ नका. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा; कधी कधी तो नुसता मळच असतो.

मग औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड काचेच्या भांड्यात घ्या, ठोकळे पूर्ण बुडवा, उन्हात ठेवा. नवशिक्यांचं बिनसतं ते इथे: बुडबुडे चिकटून ठोकळे वर तरंगतात आणि उघड्या भागावर डाग पडतात. म्हणून तासातासाने ढवळा.

- झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो.
- हातमोजे, डोळ्यांच्या बचावाचा चष्मा हवेतच.
- स्टिकरवाले ठोकळे आणि विजेच्या मोटरचे भाग बाजूला ठेवा.

पहिल्या खेपेला चार साधे ठोकळेच घ्या. रंग मनासारखा आला की काढून धुवा. पेरॉक्साइडचं क्रीम लावायची पद्धत नंतर सांगेन.