पुढच्या टायरला करवतीसारखे दाते

प्रश्न : माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या टायरवरून एका दिशेने हात फिरवल्यास तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवल्यास दाते बोचतात. वेग वाढला की घूं घूं आवाजही येतो. अपघात झालेला नाही, पंक्चर नाही. टायर सदोष असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : टायर सदोष असण्याची शक्यता कमी वाटते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येऊन नक्षीचा प्रत्येक ठोकळा किंचित वाकतो आणि त्याची एकच कड अधिक घासली जाते. त्यामुळे थोडे दाते पडणे स्वाभाविकच आहे. हवा कमी असल्यास मात्र ठोकळे जास्त वाकतात, म्हणून टायर थंड असताना हवा तपासून पुस्तिकेतील आकड्याइतकी भरावी. घासलेला भाग ठरावीक अंतराने खोलगट झाला असेल, तर संशय पुढच्या शॉकअपवर किंवा कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगवर) घ्यावा. गाडी मेनस्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश फिरवावे. मध्यभागी ते अडखळले, किंवा शॉकअपचे पाय धरून मागेपुढे ओढल्यावर टक् असा आवाज आला, तर कोनसेट झिजला किंवा सैल झाला आहे. शॉकअपचे तेल तर बहुतेक जण गळती दिसेपर्यंत बदलतच नाहीत! चाकाचे बॅलन्सिंगही पाहून घ्यावे. मूळ दोष काढल्याशिवाय नवा टायर बसवू नये, कारण त्यालाही असेच दाते पडतील. जुन्या टायरच्या खाचांतील झीज दाखवणारे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले असतील, तर तो वापरणे तत्काळ थांबवावे.