ठेवीचे ८ लाख आणि मायनिंगची दोन मशीनं

प्रश्न: मी इचलकरंजीत एका कापड कारखान्यात हिशेब बघतो. वय ४४. २०१३-१४ मध्ये घरच्या कॉम्प्युटरला दोन रॅडिऑन ७९५० कार्डं लावून मायनिंग करून लाइटकॉइन आणि थोडे डोजकॉइन ही क्रिप्टो नाणी काढली होती. ६२ लाइटकॉइन आणि १८,००० डोज जुन्या हार्डडिस्कवर तसेच आहेत. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे एका सहकारी बँकेत वर्षानुवर्षं अडकले आणि तेव्हापासून बँकेवरचा, खरं तर नोटांवरचाच भरवसा उडाला. पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला माझ्या ८ लाखांच्या ठेवीची मुदत संपते. तीही सहकारी बँकेतच आहे. त्यातून ९५ टेराहॅशची दोन जुनी एस१९ मशीनं (प्रत्येकी ९०,००० सांगितले आहेत) चुलतभावाच्या यंत्रमागाच्या रिकाम्या शेडमध्ये लावावीत आणि ४ लाखांची छोटी क्रिप्टो नाणी घ्यावीत असा विचार आहे. मुलीचं इंजिनीअरिंग दोन वर्षांवर आलं आहे. हे करू का?

उत्तर: मशीनं घेऊ नका. छोटी नाणीही घेऊ नका. पण वडिलांच्या पैशांचं जे झालं त्यानंतर ८ लाख एकाच सहकारी बँकेत ठेवणंही मला पटत नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी मशीनचा हिशेब मांडतो. तुम्ही हिशेबाचेच माणूस आहात, आकडे तपासून बघा.

एस१९ हे बिटकॉइन काढणारं मशीन. मायनिंग म्हणजे अशा मशीननी सतत एक गणित (हॅश) करत राहणं. ज्याचं जुळतं तो व्यवहारांचा पुढचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, नोंदवतो आणि त्याला नवे बिटकॉइन मिळतात. बिटकॉइनच्या नेटवर्कचा एकूण वेग २०२५ मध्ये १,००० एक्झाहॅशच्या (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) आसपास पोहोचला. त्यात ९५ टेराहॅशचं मशीन म्हणजे सुमारे १ कोटी ५ लाखांतला एक वाटा. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक होतात, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशीनना मिळून रोज ४५० नवे बिटकॉइन. तुमच्या एका मशीनच्या वाट्याला त्यातले ०.००००४२७५ येतील. बिटकॉइन ८० लाख रुपयांना धरला तर रोजचे ३४२ रुपये. आजचा भाव वेगळा असेल तर तो घालून बघा, गुणाकार तोच.

आता वीज. हे मशीन ३,२५० वॉट ओढतं आणि चोवीस तास चालतं, म्हणजे रोज ७८ युनिट, महिन्याला २,३४०. मी युनिटला १२ रुपये धरतो. घरगुती मीटरवर प्रत्यक्षात याहून जास्तच पडतील, कारण ५०० युनिटच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग असतो आणि त्यावर वीज शुल्क वेगळं लागतं. १२ रुपयांनीही रोजचे ९३६ झाले. आवक ३४२, वीज ९३६. एका मशीनमागे महिन्याला १७,८२० रुपये खिशातून जातील, दोन्ही मिळून ३५,६४०. मशीनची किंमत अजून यात धरलेलीच नाही. नुसती वीज भरून निघायला बिटकॉइन २ कोटी १९ लाखांच्या घरात जायला हवा आणि तोवर नेटवर्कचा वेगही वाढायला नको. तसं होत नाही. भाव चढला की जगभर नवी मशीनं जोडली जातात, आणि दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काठिण्य पातळी, म्हणजे ब्लॉक मिळवणं किती अवघड ते, आपोआप वर सरकते. तुमचा वाटा तेवढा खाली येतो. जुन्या मशीनवाल्याला याचा फटका आधी बसतो, कारण एस१९ एका टेराहॅशमागे सुमारे ३४ वॉट खातं, तर नवं एस२१ साडेसतरा.

शेडमधल्या यंत्रमागाच्या सवलतीच्या कनेक्शनवर मशीन लावायचा विचार मनात आला असेल, तर तो आत्ताच सोडा. ज्या कामासाठी कनेक्शन दिलं आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर कधीपासून सुरू आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. बिल चुलतभावाच्या नावावर निघेल. त्या शेडमध्ये रुईची धूळ असते, ती मशीनच्या पंख्यांतून आत जाऊन हीटसिंकवर बसते आणि हॅशबोर्ड, म्हणजे गणित करणाऱ्या चिपांची पाटी, तापून बंद पडतो. तीन बोर्डांपैकी एक गेला की कमाई एक तृतीयांशाने घटते. उष्णता तर एका मशीनची जवळपास एक टनाचा एसी लागेल एवढी. शिवाय २३० व्होल्टला १४ अँपिअर सतत ओढले जातात, ते साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रंदिवस चालवलं तर पिना वितळतात. एवढं सगळं करून हाती येणार काय, तर बाजारात ३४२ रुपयांना मिळणारं नाणं ९३६ रुपयांना.

तुमच्या २०१३ च्या अनुभवामुळे हे पटायला जड जाईल, म्हणून त्याबद्दलही लिहितो. तेव्हा लाइटकॉइनचं स्क्रिप्ट हे गणित मुद्दाम जास्त मेमरी लागेल असं रचलेलं होतं. त्यामुळे बिटकॉइनसाठी बनलेली खास मशीनं तिथे चालत नसत आणि घरातल्या ग्राफिक्स कार्डाला वाव होता. एका ७९५० कार्डावर ६०० किलोहॅशच्या आसपास मिळत, दोन्ही मिळून १.२ मेगाहॅश. २०१४ मध्ये स्क्रिप्टचीही खास मशीनं आली आणि घरगुती कार्डांचं दुकान बंद झालं. २०२१ चं एल७ मशीन ९,५०० मेगाहॅश देतं, म्हणजे तुमच्या तेव्हाच्या जोडणीच्या जवळपास ८,००० पट. त्या वेळी फायदा झाला तो कार्डं आधीपासून घरात होती म्हणून, आणि काढलेली नाणी विकायची राहून गेली म्हणून. यातलं पहिलं कारण आता नाही. दुसऱ्यासाठी मशीन लागत नाही.

आता अविश्वासाबद्दल. बिटकॉइनच्या ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये त्या दिवशीच्या लंडनच्या ‘टाइम्स’चा मथळा कोरलेला आहे, बँकांना दुसऱ्यांदा वाचवायला निघालेल्या अर्थमंत्र्यांबद्दलचा. म्हणजे तुमच्या मनातली तक्रार या नाण्याच्या जन्मापासूनची आहे, आणि ती खरी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत १,००० रुपये काढायची मुभा होती. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना ‘बँकेवर विश्वास ठेवा’ असं मी सांगणार नाही. पण छोट्या नाण्यांत गेल्याने विश्वास ठेवायची गरज संपत नाही. फक्त ज्याच्यावर ठेवायचा तो बदलतो, आणि बऱ्याचदा त्याचं नावही माहीत नसतं.

आइसलंडचं उदाहरण बघा. २००८ मध्ये तिथल्या तीन मोठ्या बँका बुडाल्या, क्रोना घसरला, सरकारने पैसा देशाबाहेर न्यायला बंदी घातली. लोकांचा राग आणि अविश्वास तुमच्यासारखाच. त्यावर उपाय म्हणून २०१४ च्या सुरुवातीला ऑरोराकॉइन नावाचं नाणं आलं. ते लाइटकॉइनच्याच कोडवर उभं होतं आणि कर्ता टोपणनावाने वावरत होता. निम्मी नाणी आधीच काढून ठेवलेली होती, आणि २५ मार्च २०१४ पासून प्रत्येक आइसलंडरला ३१.८ नाणी फुकट वाटली जाऊ लागली. फुकट मिळालेलं नाणं लोक विकायला घेऊन आले, घेणारा नव्हता, भाव कोसळला. क्रोनावरचा राग खरा होता, पण तेवढ्याने नव्या नाण्याला गिऱ्हाईक उभं राहिलं नाही. छोट्या नाण्यांना दुसराही धोका आहे. नेटवर्कचा वेग कमी असला की कोणी निम्म्याहून जास्त वेग भाड्याने आणून झालेले व्यवहार उलटवू शकतो. जून २०१३ मध्ये फेदरकॉइनचं हेच झालं. ४ लाखांत तुम्ही जी नाणी घ्याल त्यांना हे सगळं लागू आहे. आणि सरकार नोटा छापतं हा आक्षेप असेल तर डोजकडे जरूर बघा. त्याला कमाल मर्यादाच नाही. दर मिनिटाला १०,००० नवे डोज निघतात, वर्षाला सुमारे ५२५ कोटी.

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र तुम्ही दोन ओळींत उरकली आहे, ती म्हणजे ती हार्डडिस्क. लाइटकॉइन ८,००० रुपयांना धरला तर ६२ नाण्यांचे ४,९६,००० होतात. डोज १५ रुपयांना धरला तर १८,००० चे २,७०,०००. एकूण ७,६६,०००. ठेव ८ लाखांची. म्हणजे तुमची जवळपास निम्मी पुंजी आत्ताच क्रिप्टोत आहे, आणि तीही दहा-बारा वर्षं जुन्या डिस्कवर, बहुधा एकाच प्रतीत. नवी नाणी घेण्याआधी ही हातात आली पाहिजेत.

त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करू नका. साटा-यूएसबी केबलने ती दुसऱ्या मशीनला बाहेरून जोडा आणि फक्त कॉपी करा. जोडल्यावर टक-टक आवाज आला तर लगेच वीज काढा. अशा डिस्कचं काम डेटा परत काढणाऱ्या लॅबनेच करायचं असतं. विंडोज असेल तर अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये लाइटकॉइन आणि डोजकॉइन असे वेगवेगळे फोल्डर मिळतील, आणि दोन्हींत फाइलचं नाव एकच असेल, ‘वॉलेट डॉट डॅट’. नाणी खर्च करायला लागणाऱ्या गुप्त किल्ल्या याच फाइलमध्ये असतात. इथे हमखास चूक होते. दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर एकाच जागी कॉपी केल्या की दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाते. कॉपी करतानाच नाव बदला. प्रत्येकी दोन पेनड्राइव्हवर प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर, आणि पुढचं सगळं काम प्रतींवरच करा.

तेव्हाचा बॅकअप वेगळा सापडला तर त्याची तारीख बघा. त्या काळचं वॉलेट १०० किल्ल्या आगाऊ बनवून ठेवायचं आणि प्रत्येक खर्चानंतर उरलेली मोड नव्या पत्त्यावर टाकायचं. बॅकअपनंतर शंभराहून अधिक नव्या किल्ल्या वापरल्या गेल्या असतील तर पुढची नाणी त्या बॅकअपमध्ये नसतात. म्हणून शेवटची तारीख असलेली फाइल महत्त्वाची. पूलकडून (मिळून मायनिंग करणाऱ्यांच्या गटाकडून) पैसे ज्या पत्त्यावर यायचे तो जुन्या ई-मेलमध्ये मिळेल. लाइटकॉइनचा तेव्हाचा पत्ता ‘एल’ने सुरू होतो, डोजचा ‘डी’ने. तो ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला की शिल्लक दिसते, त्यासाठी किल्ली लागत नाही. मोड दुसऱ्या पत्त्यावर गेलेली असू शकते, तेव्हा तिथे शिल्लक कमी दिसली तर घाबरू नका. पासवर्ड विसरला असाल तर आठवतील तेवढे तुकडे कागदावर लिहा. आठवणाऱ्या तुकड्यांवरून जुळवणी करणारी मोफत साधनं आहेत, ती इंटरनेट तोडलेल्या मशीनवर चालवा. वॉलेटची फाइल किंवा किल्ली कोणालाही पाठवू नका, ‘रिकव्हरी’ करून देतो म्हणणाऱ्यांना तर नाहीच.

विक्रीसाठी एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेला भारतीय एक्स्चेंज घ्या. आधी अर्धा लाइटकॉइन पाठवून बघा, तो पोहोचला की बाकीचे. पत्ता कॉपी केल्यावर पहिली आणि शेवटची चार-सहा अक्षरं डोळ्यांनी ताडून बघा. पूर्वी लाइटकॉइनचे काही पत्ते बिटकॉइनसारखेच ‘३’ने सुरू व्हायचे आणि त्या घोळात नाणी चुकीच्या नेटवर्कवर जायची. पैसे बँकेत आले की एक्स्चेंजवर काही ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपासची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची खाती गोठली. तुमच्या वडिलांचं जे झालं तेच, फक्त इथे ठेव विमाही नाही.

कर जड आहे, तो आधीच समजून घ्या. नफ्यावर सपाट ३० टक्के आणि ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च नाण्याची खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. त्यामुळे तेव्हाची कार्डं वजा होणार नाहीत, विजेचीही आशा ठेवू नका. खरेदी शून्य धरूनच चला. सगळं विकलं तर ७,६६,००० वर २,३८,९९२ कर, हातात ५,२७,००८. एक्स्चेंज १ टक्का टीडीएस कापेल, तो विवरणपत्रात वळता होतो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि डोज देऊन बिटकॉइन घेतला तरी ती विक्रीच धरली जाते. दर सपाट असल्याने ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे विकून काही वाचत नाही. विक्रीनंतरच्या तिमाहीचा आगाऊ कर मात्र चुकवू नका. पूलचे ई-मेल आणि व्यवहार क्रमांक छापून ठेवा, नाणी आली कुठून हे एक्स्चेंजही विचारू शकतो.

मी तुमच्या जागी डोज सगळे विकेन. मे २०२१ च्या शिखरावरून पुढच्या सव्वा वर्षात ते ९० टक्क्यांहून जास्त घसरलं होतं. दोन वर्षांवर मुलीची फी असताना एवढा झोका सोसणारी रक्कम त्यात ठेवू नये. लाइटकॉइनपैकी ३२ विकून ३० ठेवा. रुपयावर भरवसा नाही म्हणून काहीतरी वेगळं जवळ हवं ही तुमची गरज मला रास्त वाटते, आणि ती ३० नाण्यांनी भागते. त्यांच्यासाठी हार्डवेअर वॉलेट घ्या, म्हणजे किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण. बीज-शब्द (उपकरण हरवलं तर नाणी परत मिळवून देणारे शब्द) कागदावर लिहा, फोटो काढू नका, आणि ते कुठे ठेवले आहेत हे पत्नीला माहीत असू द्या.

राहिले ८ लाख. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा ५ लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून, एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. म्हणजे तुमचे ३ लाख आणि व्याज आज उघड्यावर आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते, वडिलांच्या वेळी हे नव्हतं. या बँकेत ३ लाख ठेवा, तो तुमचा अडीअडचणीचा पैसा. फीसाठीचे ३ लाख पोस्टाच्या दोन वर्षांच्या मुदत ठेवीत टाका. तिथे हमी केंद्र सरकारची आहे, ५ लाखांची मर्यादा नाही. उरलेल्या २ लाखांची ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं (केंद्र सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे) रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यावरून घ्या. किमान १०,००० पासून मिळतात, आणि मध्ये कोणत्याही बँकेची ठेव येत नाही. डोज आणि लाइटकॉइनच्या विक्रीतून कर भरून जे उरेल तेही फीच्याच खात्यात जाऊ दे.

बहुतेक बँका मुदत संपली की ठेव आपोआप पुन्हा गुंतवतात. तसं होऊ नये असा लेखी अर्ज १२ तारखेच्या आठवडाभर आधी शाखेत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.