बिल्डर डेटा सेंटरसाठी जमीन मागतो आहे, द्यावी का?

‘जमीन आणि कायदा’ या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. घरे आणि ले-आउट यांचा व्यवसाय करणारी, कुटुंबाच्या मालकीची बांधकाम कंपनी नागपूर, वर्धा किंवा अमरावतीकडच्या शिवारात डेटा सेंटरसाठी, म्हणजे माहिती साठवणारे हजारो संगणक एकत्र चालवण्याच्या इमारतींसाठी, सलग जमीन गोळा करू लागते आणि गावात चर्चा सुरू होते. त्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे आणि संबंधित कंपन्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे गाव समृद्धी महामार्गापासून जवळ आहे. नागपुरातील एक बांधकाम समूह आमच्या शिवारात डेटा सेंटरचा परिसर उभारण्यासाठी जमीन घेत आहे. वडील, दोन मुलगे आणि पुतण्या मिळून ती कंपनी चालवतात आणि त्यांनी बांधलेल्या घरांबद्दल लोक चांगले बोलतात. आम्हा तीन भावांच्या सामाईक बारा एकरांना ते चालू भावापेक्षा बराच जास्त दर सांगतात. मात्र आता फक्त इसार देऊ आणि अठरा महिन्यांनी विक्रीपत्र करू, असे त्यांचे म्हणणे आहे. घरे बांधणाऱ्यांना हे काम जमेल का, आणि आम्ही होकार द्यावा का? (एक शेतकरी, सेलू तालुका, जि. वर्धा)

उत्तर : घरे बांधणारी कंपनी या व्यवसायात उतरते यात वावगे काही नाही. हिरानंदानी समूहाने योट्टा ही कंपनी काढून जुलै २०२० मध्ये पनवेलजवळ आपले पहिले डेटा सेंटर सुरू केले. ७,२०० रॅक (संगणक ठेवण्याची कपाटे) आणि ५० मेगावॉट अशी त्या इमारतीची क्षमता सांगितली गेली. लोढा समूहाने पलावा येथील डेटा सेंटर पार्कसाठी २०२५ मध्ये राज्य शासनाशी ३० हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. या कुटुंबांना तुकड्यातुकड्यांची जमीन सलग करणे, परवानग्या मिळवणे आणि मोठे बांधकाम वेळेत पुरे करणे ही कामे येतात. घरांच्या विक्रीत एक वर्ष तेजीचे तर दोन वर्षे मंदीची जातात. डेटा सेंटरचा भाडेकरू मात्र दहा-पंधरा वर्षांचा करार करतो, म्हणून त्या स्थिर भाड्याचे आकर्षण त्यांना वाटते.

परंतु अडचण त्यांना ज्या गोष्टी येत नाहीत त्यांत आहे, आणि आपल्या पत्रातील अठरा महिन्यांचा अर्थही तेथेच सापडतो. डेटा सेंटर उभारण्यासाठी दर मेगावॉटमागे साधारण ५० ते ७० कोटी रुपये लागतात, असे या क्षेत्रात मानले जाते. म्हणजे १०० मेगावॉटचा परिसर उभारायचा तर पाच ते सात हजार कोटी रुपये हवेत. घरांच्या योजना करणारे एखादे कुटुंब एवढी रक्कम स्वतःच्या बळावर उभी करू शकत नाही. त्याला मोठा गुंतवणूक निधी किंवा परदेशी भागीदार शोधावा लागतो. तो भागीदार आधी विचारतो की वीज मंजूर झाली आहे का आणि जागा घेणारा मोठा ग्राहक ठरला आहे का. जमिनीच्या प्रश्नाकडे तो त्यानंतर वळतो. तेव्हा आपल्याकडून इसार करून घेऊन ही मंडळी त्या अठरा महिन्यांत वीज, ग्राहक आणि भांडवल शोधणार आहेत. ते सापडले तर आपली जमीन विकत घेतील, नाही सापडले तर सोडून देतील. यात बेइमानी आहे असे मी म्हणत नाही, कारण जगभर असे प्रकल्प याच रीतीने जुळवले जातात. पण त्या काळातील जोखीम आपणही उचलत आहात, आणि तिचा मोबदला आपल्याला मिळालाच पाहिजे.

म्हणून समोरच्या कुटुंबाचे नाव किती चांगले आहे यावर निर्णय घेऊ नका. महापारेषणकडे किंवा महावितरणकडे किती मेगावॉटची मागणी नोंदवली आहे, ती कोणत्या उपकेंद्रातून आणि किती व्होल्टेजवर मिळणार आहे, मंजुरीचे पत्र आले आहे का, हे त्यांना लेखी विचारा. शे-दोनशे मेगावॉटचा भार गावातल्या ३३ केव्हीच्या (म्हणजे ३३ हजार व्होल्टच्या) उपकेंद्रावर चालत नाही. त्यासाठी २२० केव्ही किंवा त्याहून मोठी जोडणी लागते आणि ती उभी राहायला वर्षे जातात. वर्धा जिल्ह्यात देवळीजवळ ७६५ केव्हीचे मोठे उपकेंद्र आहे, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा येथील वीजनिर्मितीमुळे विदर्भात विजेचे जाळे दाट आहे. कंपन्यांची नजर इकडे वळण्याचे ते एक खरे कारण आहे. तरीही जाळे जवळ असणे आणि त्यातून जोडणी मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे विजेचे एकही कागदपत्र नाही, त्याचे डेटा सेंटर सध्या फक्त नकाशावर आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न ग्राहकाचा. मुंबईत समुद्राखालून येणाऱ्या केबल उतरतात, बँका आणि शेअर बाजार तेथेच आहेत. त्यामुळे देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरातच आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आठशे किलोमीटर मार्गाने मुंबईला जाऊन परत यायला आठ मिलिसेकंद लागतात, आणि वाटेतली यंत्रे त्यात थोडी भर घालतात. शेअर बाजाराच्या व्यवहारांना हा विलंब चालत नाही. साठवणुकीला, राखीव प्रतींना किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवण्याच्या कामाला तो सहज चालतो. त्यामुळे विदर्भात असे केंद्र चालणारच नाही, हे म्हणणेही चुकीचे आहे. समोरची कंपनी कोणत्या कामाचा ग्राहक आणणार आहे, हे मात्र तिला सांगता आले पाहिजे.

आता इसाराबद्दल. इसारपत्र नोंदणीकृतच करा आणि जमिनीचा ताबा विक्रीपत्राच्या दिवसापर्यंत स्वतःकडेच ठेवा, म्हणजे मधल्या काळात पऱ्हाटी, तूर आपणच घ्याल. इसाराची रक्कम भरीव असावी आणि मुदतीत खरेदी झाली नाही तर ती जप्त होईल असे स्पष्ट लिहावे. मुदत वाढवायची असेल तर नव्याने रक्कम द्यावी लागेल, अशी अटही घाला. विक्रेता कराराप्रमाणे खरेदी करून देण्यास नकार देऊ लागला, तर खरेदीदार ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन करार पुरा करून मागू शकतो. करारपूर्तीबाबतच्या कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर न्यायालये तसा आदेश अधिक सहजतेने देतात. त्यामुळे “इसारच तर घेतला आहे, पाहू पुढे” या समजुतीवर सही करू नका. आममुखत्यारपत्र तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नका, कारण त्याच्या आधारे आपल्याला न विचारता जमीन तिसऱ्याला विकता येते.

प्रकल्प पुढे गेला की अशी जमीन बहुतेक वेळा नव्या, वेगळ्या कंपनीच्या नावावर जाते आणि त्या कंपनीत बाहेरच्या निधीचा वाटा मोठा असतो. आज आपल्या ओसरीवर बसून चहा घेणारे गृहस्थ पाच वर्षांनी तेथे असतीलच असे नाही. म्हणून पांदण रस्ता मोकळा ठेवू, नाल्याचा प्रवाह वळवणार नाही, उरलेल्या वावराला जाण्याची वाट देऊ अशी जी आश्वासने तोंडी मिळत आहेत, ती विक्रीपत्रात लिहून घ्या, आणि ती पुढील प्रत्येक धारकावर बंधनकारक राहतील असे शब्द त्यात असू द्या. माझ्या मते सगळ्या सल्ल्यात हा सल्ला सर्वांत महत्त्वाचा आहे.

खरेदी वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावांनी होत असेल तर त्याचे कारणही विचारा. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना बंधने आहेत, आणि कमाल धारणेच्या कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. खऱ्या औद्योगिक वापरासाठी या कायद्यांत वाटा आहेत. पण त्या वाटा न चोखाळता नातेवाईक आणि नोकर यांच्या नावांवर तुकडे घेतले जात असतील, तर पुढे व्यवहार वादात सापडू शकतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा असेल, जमीन भूदानातली असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर तहसील कार्यालयात चौकशी करण्यापूर्वी एक रुपयाही घेऊ नका. सामाईक खाते असल्यामुळे आपल्या तिन्ही भावांच्या सह्या लागतील, आणि वडिलोपार्जित जमीन असल्यास बहिणींचा हक्कही विचारात घ्यावा लागेल.

कराबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येनुसार दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या बाहेर असलेली ग्रामीण शेतजमीन शेतजमीन म्हणूनच विकली, तर भांडवली नफ्यावरचा आयकर लागत नाही. विक्रीपूर्वी आपल्याच नावाने तिचे अकृषक (एनए) रूपांतर करून घेतले, तर ही सवलत हातची जाऊ शकते. खरेदीदार “आधी तुम्हीच एनए करून द्या” असे म्हणत असेल, तर सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय मान्य करू नका.

माझे मत विचाराल तर बाराही एकर एकदम देऊ नका. शक्य असल्यास काही एकर विका आणि उरलेल्या जमिनीसाठी नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मागून पाहा. ते नाकारतील, पण त्यांच्या उत्तरावरून त्यांची घाई किती आहे हे आपल्याला समजेल.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीसमोर डेटा सेंटरच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आला आहे. कंपनीचे लोक सांगतात की त्यांची यंत्रणा ‘क्लोज्ड लूप’ आहे आणि पाणी जवळजवळ लागतच नाही. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो. यावर विश्वास ठेवावा का? (ग्रामपंचायत सदस्या, कारंजा घाडगे तालुका)

उत्तर : ताई, आपला प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारा आहे. संगणकांतून बाहेर पडणारी उष्णता शेवटी हवेत सोडावी लागते आणि ती सोडण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. एका मार्गात पाणी बाष्प होऊन उष्णता घेऊन जाते. आपल्या घरच्या कूलरचे तत्त्व हेच आहे, आणि विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर जितका चांगला चालतो तितक्याच वेगाने त्याची टाकी रिकामी होते. दुसऱ्या मार्गात फक्त पंखे आणि चिलर (विजेवर थंडावा देणारी यंत्रे) असतात. तेथे पाणी फारच थोडे लागते, पण बाहेर ४५ अंश असताना वीज खूप जास्त लागते. ‘क्लोज्ड लूप’ या शब्दांचा अर्थ एवढाच की संगणकांजवळून फिरणारे पाणी एकदा भरले की तेच पुन्हा पुन्हा फिरते. त्या पाण्यातली उष्णता पुढे बाहेर कशी सोडली जाते, बाष्पीभवनाच्या टॉवरने की कोरड्या चिलरने, हे त्या शब्दांतून कळत नाही. आपण नेमके तेच विचारायचे आहे.

बाष्पीभवनाची पद्धत असेल तर हिशेब सोपा आहे. संगणकांचा १०० मेगावॉटचा भार दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर दररोज २४ लाख युनिट वीज लागते. दर युनिटमागे सरासरी १.८ लिटर पाणी हा या उद्योगात नेहमी वापरला जाणारा आकडा आहे. त्या हिशेबाने रोज सुमारे ४३ लाख लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने एवढे पाणी ७८ हजार लोकांना पुरते. शिवाय ते सर्वांत जास्त लागते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे धरणे तळाला गेलेली असतात तेव्हा.

अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पाला देण्यावरून अमरावती जिल्ह्यात जो संघर्ष झाला, तो आपल्या भागाला माहीत आहे. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात विंधनविहिरी किती खोल गेल्या आहेत, हेही माहीत आहे. म्हणून पाण्याचा स्रोत निश्चित लिहून घेतल्याशिवाय ठराव देऊ नये, असे मला मनापासून वाटते. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याचा मार्ग विदर्भातच रुळला आहे. नागपूरच्या भांडेवाडीतले प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. आपले गाव शहरापासून दूर असेल तर मात्र जलवाहिनीचा खर्च कोण करणार, हे विचारावे लागेल. ग्रामसभेच्या ठरावात भूजल न उपसण्याची अट, पाण्याच्या मीटरची मासिक नोंद गावाला देण्याची अट आणि डिझेल जनरेटर तपासणीची वेळ दिवसाच ठेवण्याची अट घाला. बंगल्याइतके मोठे जनरेटर रात्री तपासले तर त्यांचा आवाज आणि धूर जवळच्या वस्तीला सोसावा लागतो. इमारतीवरील मालमत्ता कर हे आपल्या ग्रामपंचायतीचे हक्काचे उत्पन्न असेल. जागा पुढे एमआयडीसीच्या हद्दीत गेली तर त्या कराचे काय होईल, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

प्रश्न : शेजाऱ्यांनी जमीन दिली आहे, आम्हाला संत्र्याची बाग विकायची नाही. सरकार जबरदस्तीने घेऊ शकते का? (काटोल तालुका, जि. नागपूर)

उत्तर : खासगी कंपनीची खरेदी सर्वस्वी आपल्या संमतीवर अवलंबून आहे. शासनाने खासगी कंपनीसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन करायचे ठरवले तरी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते. एमआयडीसीचे संपादन मात्र १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने होते आणि त्यात अशा संमतीची अट नाही. आपल्या गटाला त्या कायद्याच्या कलम ३२ (२) ची नोटीस आली आहे का, हे पटवाऱ्याकडे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पाहा. नोटीस आली असल्यास दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत घ्या. बाग विकली नाही तरी उच्चदाबाची वाहिनी तिच्यावरून जाऊ शकते. टॉवरखालच्या आणि तारांखालच्या जागेचा मोबदला त्यासाठी मागता येतो. वाहिनीचा मार्ग कागदावर असतानाच तो धुऱ्याकडून नेण्याची मागणी करा, कारण खुणेचे दगड रोवल्यावर तो सहसा बदलत नाही.

प्रश्न : मुलाने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आहे. जमिनीच्या बदल्यात कंपनी घरातल्या एकाला नोकरी देऊ म्हणते. हे खरे मानावे का? (हिंगणा तालुका, जि. नागपूर)

उत्तर : बांधकाम चालू असताना हजारो मजुरांना काम मिळते. ते संपल्यावर शेकडो कोटींच्या इमारतीत अगदी मोजकी माणसे पाळीपाळीने काम करतात, आणि सुरक्षा, सफाई व देखभालीची बरीच कामे ठेकेदारामार्फत होतात. नोकरीचे आश्वासन कोणत्या पदाचे, कोणत्या कंपनीच्या नेमणूकपत्रावर आणि किती पगाराचे आहे, हे खरेदीच्या दस्तात लिहून मिळत नसेल, तर जमिनीचा दर ठरवताना त्याची किंमत शून्य धरा. मुलाचे शिक्षण मात्र उपयोगाचे आहे. अशा इमारतींत उच्चदाबाची वीज आणि वातानुकूलन यांची जाणकार माणसे कायम लागतात. त्याने वातानुकूलनाचे काम शिकून घ्यावे आणि महानिर्मिती किंवा महापारेषणकडे शिकाऊ उमेदवारीची जाहिरात निघाली की अर्ज करावा. नागपूरच्या आसपास वीज केंद्रे आणि उपकेंद्रे असल्यामुळे त्याला घरापासून फार लांब जावे लागणार नाही, आणि शिवारातला प्रकल्प उभा राहो अथवा न राहो, तो अनुभव त्याच्याजवळ राहील.