१० गीगाबिटच्या लिंकसाठी क्लॉक स्थिर कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एफपीजीएवर (हवी तशी जोडणी करता येणाऱ्या गेट्सची चिप) १० गीगाबिट इथरनेटची लिंक केली आहे, १५६.२५ मेगाहर्ट्झचा ±२० पीपीएमचा (दहा लाखांत वीस भाग इतकी चूक) ऑसिलेटर, म्हणजे क्लॉकचे ठोके देणारा भाग, लावला आहे, लिंक उभी राहते पण मधूनच चुका येतात. आता ±५ पीपीएमचा महाग ऑसिलेटर घ्यावा, की एफपीजीएच्या आतल्या साध्या पीएलएलमधूनच (एका क्लॉकवरून दुसरं क्लॉक घडवणारं सर्किट) क्लॉक काढून ट्रान्सीव्हरला (डेटा तारेवर पाठवणारा-घेणारा भाग) द्यावं?

दोन्ही नको. पहिल्यात पैसे वाया जातील आणि दुसऱ्यात आहे तेही बिघडेल.

पीपीएम हा सरासरीचा आकडा आहे. २० पीपीएमने चुकणारं घड्याळ दिवसाला जेमतेम पावणेदोन सेकंद मागेपुढे होतं. या इथरनेटला ±१०० पीपीएमपर्यंत चालतं, म्हणजे तुम्ही आधीच पाचपट चोख आहात. तुम्हाला नडतोय तो बहुतेक जिटर, म्हणजे प्रत्येक ठोका जागेपासून किती अलीकडे-पलीकडे पडतो ते. ढोल पथकात वाजवलं असेल तर लगेच कळेल. तासाभरात पथकाची लय किंचित चढली तर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळे मिळून चढतात. पण एकाचंच टिपरू सारखं मागेपुढे पडायला लागलं की कानाला खटकतं. डेटाशीटच्या पहिल्या पानावर पीपीएम ठळक छापलेला असतो, जिटर आतल्या कुठल्या तरी तक्त्यात. आणि तो कुठल्या पट्ट्यात मोजला (बहुधा १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ) हे न बघता नुसता आकडा वाचून उपयोग नाही.

आता हिशेब. तुमच्या ऑसिलेटरचा एक फेरा ६४०० पिकोसेकंदांचा. तारेवरचा प्रत्यक्ष वेग १०.३१२५ गीगाबिट, म्हणजे बरोबर ६६ पट, आणि एक बिट सुमारे ९७ पिकोसेकंदांचा. बोर्डवर तो बिट अंदाजे दीड सेंटिमीटर जागा व्यापतो! ऑसिलेटरकडे १० पिकोसेकंद इकडेतिकडे झाले तर कुणी विचारणार नाही. बिटाच्या बाबतीत तोच दहावा हिस्सा. त्यात यादृच्छिक जिटर आरएमएसमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या सरासरीत, सांगतात. १०^१२ बिटांत एक चूक हे लक्ष्य असेल तर त्या आकड्याला साधारण १४ ने गुणायचं. २ पिकोसेकंद आरएमएस म्हणजे ९७ पैकी २८ गेले, आणि केबल-कनेक्टरने खाल्लेलं अजून मोजलंच नाही.

पीएलएल हा जिटर गाळतो असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं. चिपच्या आतला व्हीसीओ (व्होल्टेजने वेग बदलता येणारा ऑसिलेटर) जलद पण उनाड, आणि तुमच्या ऑसिलेटरमधला क्रिस्टल संथ पण शिस्तीचा. पीएलएल व्हीसीओचं क्लॉक भागून क्रिस्टलशी ताडतो आणि फरक दिसेल तसा लगाम ओढतो. लूप बँडविड्थपेक्षा (हा लगाम किती जलद ओढता येतो ती मर्यादा) संथ अशी क्रिस्टलकडची थरथर जशीच्या तशी बाहेर येते. त्याहून जलद थरथर व्हीसीओची स्वतःची असते, आणि तिच्यापर्यंत लगाम पोचतच नाही. पलीकडच्या रिसीव्हरला क्लॉकची वेगळी तार नसते, तो डेटाच्या चढउतारांवरूनच ताल पकडतो. सुमारे ४ मेगाहर्ट्झच्या बरीच खालची थरथर तो डेटाबरोबर हलून पचवतो. म्हणजे घातक ती, जी तुमच्या पीएलएलमधून निसटते आणि रिसीव्हरलाही नीट पकडता येत नाही.

माझं घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. पुण्यात एका छोट्या कंपनीत असताना असाच बोर्ड केला होता. दर दोन-तीन मिनिटांनी एखादी चूक. मी आधी केबल बदलली, मग मॉड्यूल, मग शहाणपणा करून ऑसिलेटर. काही फरक नाही. शेवटी स्पेक्ट्रम ॲनालायझर उसना आणला आणि १५६.२५ च्या दोन्ही बाजूंना, बरोबर २.२ मेगाहर्ट्झ अंतरावर, दोन सुळके दिसले. ऑसिलेटरचा ३.३ व्होल्ट ज्या स्विचिंग रेग्युलेटरवरून (उघडझाप करून व्होल्टेज बदलणारा) घेतला होता, त्याचीच ती फ्रिक्वेन्सी. लेआउटही माझाच, त्यामुळे ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

एलडीओ (उघडझाप न करणारा, कमी गोंगाटाचा रेग्युलेटर) घातला, तरी सुळके जेमतेम खाली आले. हे बऱ्याच जणांना फसवतं: एलडीओ सप्लायचा गोंगाट दाबतो तो आकडा डेटाशीटमध्ये बहुतेक १ किलोहर्ट्झचा दिलेला असतो, २ मेगाहर्ट्झला बरेच एलडीओ हात टेकतात. मग एलडीओच्या आधी फेराइट बीड (जलद गोंगाट अडवणारा भाग) आणि सिरॅमिक कपॅसिटर लावले, ट्रान्सीव्हरच्या पीएलएलची बँडविड्थ एक पायरी खाली आणली, आणि रात्रभर लिंक चालवली तरी चूक शून्य. बँडविड्थ आणखी खाली ओढायचा मोह झाला होता, पण तसं केलं की व्हीसीओचा गोंगाट उघडा पडतो.

एफपीजीएच्या आतल्या पीएलएलबद्दल: तो हजारो गेट्सच्या शेजारी बसलेला असतो, त्यांच्या उघडझापीचा सगळा खडखडाट त्यात उतरतो. ट्रान्सीव्हरला स्वतःच्या रेफरन्स क्लॉक पिना दिलेल्या असतात त्या याचसाठी. ऑसिलेटरपासून तिथवर १०० ओहमची डिफरन्शियल जोडी (एकमेकींच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन रेषा) सरळ न्या, मध्ये काही नको. तुमचा ऑसिलेटर 'प्रोग्रॅमेबल' जातीचा असेल तर तेही बघा. अशा बऱ्याच स्वस्त ऑसिलेटरांच्या पोटात आणखी एक पीएलएल असतो.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. ऑसिलेटरचा सप्लाय बोर्डपासून तोडा, तीन एए सेल आणि एक ३.३ व्होल्टचा एलडीओ लावून त्यावर चालवा. ग्राउंड मात्र बोर्डचंच. बोर्ड चालू झाल्यावरच सेल जोडा आणि मग ट्रान्सीव्हर रीसेट करा. चुका थांबल्या तर रोग सप्लायमध्ये आहे. नाही थांबल्या तर ऑसिलेटरचा मॉडेल नंबर, रेग्युलेटरची फ्रिक्वेन्सी आणि त्या भागाचा लेआउट इथे टाका, बघते.