विचारा की! थेट पाइपलाइन आली, मग आमच्या नळाला गटाराचा वास कुठनं?

प्रश्न : ताई नमस्कार, कोल्हापुरातल्या एका झोपडपट्टीत राहतो आम्ही, नाव छापू नका. थेट पाइपलाइनचं पाणी आलं म्हणून सगळे खूश झालेले, पण आमच्या बोळात सकाळी नळ आला की पहिलं पाणी गढूळ आणि वास मारतंय. शेजारचे म्हणतात धरणातच घाण आहे. वरच्या गल्लीत मात्र पाणी चकाचक. आमच्यातल्या दोन पोरांना कावीळ झाली, त्याचं खापर गाड्यावरच्या पाणीपुरीवर फोडून सगळे गप्प बसले. नेमकं काय समजायचं?
– एक वहिनी

उत्तर : वहिनी, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, वरच्या गल्लीत पाणी चांगलं येतंय ना, मग धरणाला कशाला शिव्या घालायच्या? काळम्मावाडी धरणाचं पाणी पन्नासेक किलोमीटर पाइपातनं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, तिथं शुद्ध होतं, क्लोरीन पडतं आणि मग शहरात सुटतं. २०२३ च्या दिवाळीत ते आलं तेव्हा कोल्हापूरकरांना आनंद झाला तो उगीच नाही, २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठचे पंप पाण्याखाली गेले आणि दारात पूर असताना आपण घागरी घेऊन टँकरमागं पळत होतो. पण पाइपलाइन कितीही थेट असू दे, तुमच्या घरापर्यंतचा शेवटचा शे-दीडशे फुटाचा तुकडा जुनाच आहे आणि बहुतेक वेळा सगळी भानगड तिथंच असते.

मेन लाइनला फेरूल (जोडणीची छोटी तोटी) मारून अर्ध्या इंचाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप काढलेला असतो, बोळात दुसरी जागाच नसते म्हणून तो गटाराच्या कडेनं, कधी तर सरळ गटारातनं घरात येतो, लोखंड तिथं गंजत पडतं आणि सांध्याला भोकं पडतात. पाणी चालू असतं तवर प्रेशरमुळं पाणी बाहेर गळतं, आत काही शिरत नाही. खरी गंमत पाणी गेल्यावर. पाइप रिकामा होताना आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातनं गटार आत येतं, मग दुसऱ्या दिवशी नळ आला की तो पहिला लोट तुमच्या कळशीत. त्यात कुणी नळालाच डायरेक्ट मोटर लावली असेल तर बघायलाच नको, मोटर मेन लाइनचं पाणी ओढते तसं शेजाऱ्याच्या फुटक्या सांध्यातनं गटारही ओढते. मोटरवाला बहुतेक बोळातला वजनदार माणूस असतो, त्याला बोलणार कोण हा प्रश्न आहे, पण त्याची पोरंपण तेच पाणी पितात एवढं त्याच्या बायकोच्या कानावर घाला, काम होतं.

आता फुटलंय कुठं हे शोधायचं. सगळ्या घरांतनं एकाच सकाळी पहिलं पाणी काचेच्या ग्लासात धरा. ज्या घरापर्यंत पाणी स्वच्छ आणि ज्या घरापासनं वास सुरू, त्या दोघांच्या मधल्या तुकड्यावर पहिला संशय. मग अर्ज द्यायचा तो 'पाणी खराब येते' असा मोघम नको, घरांची नावं, वेळ आणि तो तुकडा लिहून सगळ्यांच्या सह्यांनिशी द्या आणि पोच घ्या. नळावर क्लोरीन तपासायला सांगा. ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं औषध) याचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला पाहिजे, लिटरला कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे. वरच्या गल्लीत पिवळं आणि तुमच्यात रंगच नाही, म्हणजे मधे कुठंतरी घाणीनं क्लोरीन खाल्लं, यावर कुणी वाद घालू शकत नाही. (क्लोरीनचा वास आला म्हणून तक्रार करणारेपण आहेत, अहो तो वास येऊ दे की, चांगला आहे तो.) दुरुस्ती करताना तोच पाइप परत गटारात टाकू देऊ नका, भिंतीला क्लॅम्प मारून वरनं घ्या.

तवर पहिलं पाणी प्यायला धरायचं नाही, मोरीला-संडासला वापरा. नंतरचं गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्याला, आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळू द्या. पिंपाला तोटी नाहीतर दांड्याचं वगराळं हवंच, हात बुडवायचा नाही.

काविळीचं म्हणाल तर पाण्यातनं होणारी कावीळ घाण पोटात गेल्यावर दोन आठवड्यांपासनं पार दोन महिन्यांनीसुद्धा दिसते, म्हणून काल खाल्लेल्या पाणीपुरीवर आळ येतो आणि पाइप सुटतो. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात केवढी साथ आलेली आठवत असेल. बोळात कुणी गरोदर बाई असेल तर तिला आधी जपा, ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते.

प्रश्न : सार्वजनिक संडासला रात्री लाइट नाही, बायकांचे हाल होतात. घरात बांधायचा तर खड्ड्याला जागा नाही. मिस्त्री म्हणतोय भांडं बसवून पाइप गटारात सोडतो, स्वस्तात होईल. करू का?
– एक रिक्षावाले दादा

उत्तर : दादा, नको. वरचं उत्तर वाचलं ना, तुमचं भांडं ज्या गटारात सुटणार त्याच गटारातनं कुणाचातरी नळाचा पाइप गेलाय, कदाचित तुमचाच. मिस्त्रीला काय, तो पैसे घेऊन जाणार.

आधी बघा जवळनं ड्रेनेज लाइन गेलीय का, गेली असेल तर जोडणी मागा, खड्ड्याची भानगडच मिटते. नसेल तर तीन-चार घरांनी मिळून एक सेप्टिक टाकी आणि पुढं शोषखड्डा होतो का बघा, कारण टाकीतनं बाहेर पडणारं पाणीपण घाणच असतं. टाकी दोन-तीन वर्षांनी मैला टँकरनं उपसायची. भरली म्हणून आत माणूस उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि गॅसनं माणूस मिनिटात जातो. स्वच्छ भारतच्या पहिल्या टप्प्यात घरच्या संडासला केंद्राचे चार आणि राज्याचे आठ असे बारा हजार मिळायचे, सध्या काय मिळतं ते वॉर्ड ऑफिसात विचारा. शेल्टर असोसिएट्स ही पुण्याची संस्था 'एक घर एक शौचालय' असं काम करते, सामान ते देतात, मजुरी घरवाल्यांची, असं दोघांचं पडलं की मिस्त्रीवर लक्षपण राहतं.

आणि घरचा झाला तरी सार्वजनिक सोडू नका. ३५ पुरुषांमागं एक आणि २५ बायकांमागं एक सीट असावी असा स्वच्छ भारतचा हिशोब आहे, तुमच्यात किती आहेत मोजा. लाइटचा अर्ज उद्याच टाका, त्याला कुठली योजना लागत नाही.

प्रश्न : आमची वस्ती सरकारनं झोपडपट्टी म्हणून घोषित केलेली नाही म्हणून नळ मिळत नाही म्हणतात. खरं काय?

उत्तर : डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं पाणी हक्क समिती या मुंबईतल्या संघटनेच्या केसमध्ये सांगितलंय की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग. घरोघरी नळ द्या असं मात्र म्हटलेलं नाही, नळकोंडाळ्यावर (वस्तीच्या सामायिक नळावर) भागवता येतं आणि दर जास्त लावता येतो. म्हणून आधी नळकोंडाळं मागा, अर्जात हा निकाल लिहा. कागदपत्रं असलेल्यांनी नळजोडणीचा अर्ज २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली करावा, मुदत ठरलेली असते आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं. नुसतं तोंडी 'नाही' ऐकून माघारी येऊ नका.